तीन महिन्यांचं बाळ आणि ‘पंपिंग वीस टक्के’

“डॉक्टरसाहेब, पंपिंग वीस टक्के म्हंजे ऐंशी टक्के हार्ट गेलं ना जी?”

तान्ह्या बाळाच्या इकोचा कागद हातात आला की आई-वडिलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. तो विचारण्यात काही चूक नाही. आपण टक्के शिकलो ते शाळेत, शंभरपैकी. पण हृदयाच्या पंपिंगला शंभर टक्के कोणालाच मिळत नाहीत. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकतो आणि तेवढं टाकलं की तो निरोगी. म्हणून वीस हा आकडा कमी आहे, फार काळजीचा आहे, पण ‘ऐंशी टक्के हृदय मेलं’ असा त्याचा अर्थ नाही. आज हृदय किती जोरानं आवळतंय, एवढंच त्यातून कळतं. जोर का कमी झाला आणि उद्या किती परत येईल, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

मी मोठ्यांचा डॉक्टर. माझ्या ओपीडीत रोज येतात ते पन्नाशी-साठीचे लोक. मोठा अटॅक आला, दवाखान्यात उशिरा पोचले, आता पंपिंग तीसवर आहे. त्यांना मी सांगतो की गोळ्या नियमित घ्या, थोडं वाढेल, पण पूर्वीसारखं होईलच असं नाही. कारण अटॅकमध्ये स्नायूचा एक भाग मेलेला असतो आणि त्या जागी व्रण तयार होतो. व्रण आकुंचन पावत नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कमजोर हृदयाचं हेच चित्र बसलंय, आणि तेच चित्र आपण तान्ह्या बाळावर नेऊन चिकटवतो. “हार्टच कमजोर आहे, आता काय करता,” असं म्हणून घरची मंडळी मनानं हात टेकतात. इथे माझा मतभेद आहे. लहान बाळांचा एक आजार असा आहे की त्यात पंपिंग पंधरा-वीस टक्क्यांवर आलेलं असतं आणि ऑपरेशननंतर बहुतेक बाळांमध्ये ते काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, नॉर्मलच्या जवळ येतं. मोठ्यांमध्ये इतकी भरपाई मी क्वचितच पाहतो.

या आजाराचं नाव अल्कापा. हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. गावाला पाणी देणाऱ्या मोटारीलाही वीज लागते ना, तसंच. हे रक्त दोन करोनरी रक्तवाहिन्या आणतात, एक डावी, एक उजवी. दोन्ही निघतात महाधमनीतून, म्हणजे शुद्ध रक्ताच्या आणि भरपूर दाबाच्या मुख्य नळातून. अल्कापामध्ये डावी करोनरी चुकून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीला जोडलेली असते. तिथलं रक्त अशुद्ध, आणि जन्मानंतर तिथला दाबही कमी होत जातो.

गंमत अशी (हिला गंमत म्हणणं जिवावर येतं) की आईच्या पोटात बाळाला याचा काहीच त्रास होत नाही. तिथे दोन्ही नळांतला दाब जवळजवळ सारखाच असतो. म्हणून बाळ चांगल्या वजनाचं जन्मतं, रडतं, दूध ओढतं. सोनोग्राफीत बहुधा काही दिसत नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनही नॉर्मल येतो. जन्मानंतर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत फुप्फुसाच्या धमनीतला दाब हळूहळू उतरतो. तसा डाव्या करोनरीचा पुरवठा आटतो, आणि पुढे तर उलटा प्रवाह सुरू होतो. उजव्या करोनरीतून आलेलं चांगलं रक्त हृदयाच्या स्नायूला न मिळता डावीतून मागे वाहून फुप्फुसाच्या धमनीत सांडतं. धरणाचं पाणी शेतात पोचण्याआधीच पाट फुटून नाल्यात जावं, तसं. डावा कप्पा उपाशी राहतो, फुगतो, ढिला पडतो. मायट्रल झडपेला आधार देणारे स्नायूही उपाशी असतात, म्हणून झडप गळू लागते.

आता बाळाकडे बघा. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला जिना चढायचा नसतो, सायकल मारायची नसते. त्याच्या दिवसातलं सगळ्यात मेहनतीचं काम म्हणजे दूध ओढणं. मोठ्या माणसाच्या छातीत जिना चढताना जे दुखतं, ते या बाळाला दूध पिताना होतं. चार घोट घेतो, थांबतो, धापा टाकतो, कपाळावर घाम, चेहरा पांढरा, मग केविलवाणं रडणं. बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गारलँड या तीन डॉक्टरांनी १९३३ मध्ये तीन महिन्यांच्या अशाच एका बाळाचं वर्णन लिहिलं, तेव्हा त्यांनी हीच तुलना केली होती. आजही या आजाराला त्या तिघांचं नाव जोडलं जातं.

आपल्याकडे अशा बाळाचा प्रवास कसा होतो? आधी नजर काढली जाते. मग पोट दुखतं म्हणून ग्राइप वॉटर. मग धाप लागते म्हणून न्यूमोनियाचं औषध, कधी अॅडमिट. मग एक्स-रेमध्ये हृदय मोठं दिसतं आणि इको होतो. रिपोर्ट येतो ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’, म्हणजे हृदयाचा स्नायू मुळातच कमजोर. औषधं सुरू होतात. औषधं बरोबरच असतात, त्यांनी थोडा आरामही पडतो. पण उलटा जोडलेला नळ औषधानं सरळ होत नाही. ऑपरेशन न झालेल्या अशा बाळांपैकी दहातली सुमारे नऊ पहिला वाढदिवस पाहत नाहीत.

म्हणून माझं पहिलं म्हणणं. तान्ह्या बाळाला कार्डिओमायोपथी म्हटलं गेलं की एक प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. “डावी करोनरी महाधमनीतूनच निघते, हे इकोत पक्कं दिसलं का?” रिपोर्टवर तसं वाक्य नसेल तर लिहून मागा. दीड-दोन मिलिमीटरची ती नळी, रडणारं बाळ, मोठ्यांसाठीचा प्रोब अशा परिस्थितीत ती दिसणं सोपं नसतं, आणि कधीकधी जवळून गेलेली नळी महाधमनीला जोडल्यासारखी भासतेही. म्हणून अशा बाळाचा इको बालहृदयरोगतज्ज्ञानंच करायला हवा. शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी आहे. आणि त्याआधी आपल्या तालुक्यातही होणारी गोष्ट म्हणजे ईसीजी. बाळाचा ईसीजी काढणं किचकट असतं, लीड निसटतात, म्हणून तो राहूनच जातो. पण या आजारात ईसीजीवर बऱ्याचदा अटॅक आलेल्या मोठ्या माणसासारख्या खुणा दिसतात. तीन महिन्यांच्या बाळाच्या ईसीजीवर अटॅकच्या खुणा दिसल्या की पुढचा विचार आपोआप करोनरीकडे जातो.

ऑपरेशन म्हणजे मोठ्यांचं बायपास नव्हे. पायाची शीर काढून जोडत नाहीत. वरुड तालुक्यात शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमं कशी नेतात, तुम्ही पाहिलं असेल. नुसतं रोप उपटत नाहीत, मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलतात. इथेही तसंच करतात. डावी करोनरी जिथे चुकीची जोडलेली आहे, तिथून भोवतालच्या भिंतीच्या छोट्या चकतीसकट उचलायची आणि महाधमनीत लावायची. नळी तिथपर्यंत पोचत नसेल तर आतून बोगदा करून रक्त आणायची पद्धत आहे, जपानच्या ताकेउची यांनी १९७९ मध्ये सांगितलेली. पूर्वी कधी उलटं वाहणारी नळी नुसती बांधून टाकत. त्यानं गळती थांबायची, पण हृदय एकाच करोनरीवर राहायचं. आता दोन्ही वाहिन्या चालू करण्यावर भर असतो.

आणि मग येतो तो काळ, ज्याबद्दल आई-वडिलांना कोणी फारसं सांगत नाही.

ऑपरेशन झालं, नळ बरोबर जोडला, म्हणजे दुसऱ्या दिवशी पंपिंग साठ होत नाही. पहिले काही दिवस ते वाढत तर नाहीच, थोडं खालीही जाऊ शकतं. आधीच उपाशी असलेलं हृदय ऑपरेशनसाठी काही वेळ थांबवलेलं असतं. त्या दिवसांत जोराची औषधं, व्हेंटिलेटर, कधी छाती काही काळ टाके न घालता झाकून ठेवणं, तर कधी एक्मो नावाचं यंत्र लावणं, हे सगळं लागू शकतं. आयसीयूच्या काचेतून ते बघणं भयंकर असतं. पण त्याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा नसतो. यंत्रानं हृदयाला दिलेली ती उसंत असते. त्यानंतर बहुतेक बाळांमध्ये काही आठवड्यांत चढण सुरू होते. पहिल्या महिन्याच्या इकोत पंपिंग तीस दिसलं की नातेवाईक म्हणतात, “एवढं करून दहाच टक्के वाढले?” मी म्हणतो, दिशा बघा. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी परत बघा. झडपेची गळती याहून सावकाश कमी होते. काहींना पुढे झडप दुरुस्त करावी लागते, पण बऱ्याच जणांत हृदय आटोपशीर झालं की झडपही सावरते.

मेलेलं हृदय जिवंत होतं का? नाही. मुळात ते मेलेलंच नसतं. जुलैत पावसानं दडी मारली की पऱ्हाटी माना टाकते. वाटतं, गेलं पीक. पाऊस आला की तीच झाडं दोन दिवसांत ताठ उभी. सुकून गेलेली काडी मात्र कितीही पाऊस पडला तरी उठत नाही. हृदयाच्या स्नायूचंही असंच आहे. रक्त कमी पडलं की तो आपलं काम कमी करतो आणि जेवढं मिळतंय त्यात तगून राहतो. शहाबुद्दीन रहिमतुला या हृदयरोगतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात यासाठी शीतनिद्रेतल्या प्राण्यांची उपमा रूढ केली. मोठ्या माणसाच्या हृदयातही असा निजलेला भाग असतो, पण शेजारी व्रणही पुष्कळ असतो. बाळामध्ये निजलेला भाग जास्त, मेलेला कमी, आणि पेशी कोवळ्या. नवजात उंदरांत हृदयाचा कापलेला तुकडाही भरून येतो, असं २०११ मध्ये अमेरिकेत दिसून आलं. माणसाच्या बाळात तितकं होत नाही. ते सांगून कोणी महागडं टॉनिक विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पऱ्हाटीचंच उदाहरण पुढे नेतो. माना टाकलेलं झाड किती दिवस वाट बघेल याला मर्यादा आहे. म्हणूनच “वजन पाच-सहा किलो होऊ द्या, मग बघू” हे वाक्य या आजारात मला मान्य नाही. काही छिद्रांच्या बाबतीत थांबणं योग्य असतं, काही छिद्रं तर आपोआप बुजतात. म्हणून हा सल्ला सगळीकडे चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण इथे वजन वाढत नाही तेच मुळी हृदयामुळे. ज्या कारणानं वजन वाढत नाही, ते दूर करायला वजन वाढण्याची वाट बघायची, हा हिशेब जुळत नाही. अल्कापाचं निदान पक्कं झालं की ऑपरेशन आठवड्यांवर ढकलायचं नसतं. पंपिंग कमी आहे म्हणूनही नाकारायचं नसतं. पंपिंग जितकं कमी तितकी जोखीम जास्त, हे खरं. पण पर्याय काय आहे, ते वर लिहिलंच आहे.

आता आपल्या भागाचा व्यवहार. अमरावतीहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. बालहृदयरोगतज्ज्ञाचा इको तिथे होऊ शकतो. ऑपरेशनसाठी केंद्र निवडताना “हार्टचं मोठं हॉस्पिटल आहे का” एवढं विचारू नका. “एक वर्षाच्या आतल्या बाळांची ऑपरेशनं इथे नेहमी होतात का” असं विचारा. मुंबईत परळला वाडिया हे मुलांचं हॉस्पिटल आहे. नवा रायपूर आणि खारघर इथल्या श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटलांत मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. अकोला आणि बडनेरा ही दोन्ही स्टेशनं मुंबई–हावडा मार्गावरच आहेत, त्यामुळे रायपूर वाटतं तितकं दूर नाही. आधी फोन करा, रिपोर्ट पाठवा, मगच निघा. धापा टाकणारं बाळ मात्र एसटीनं नेऊ नका. जवळच्या दवाखान्यात स्थिर करून अॅम्ब्युलन्सनं न्या.

पैशाचं बोलायचं तर, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला वेगळ्या नावानं पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. अकोल्याला ती पुढच्या वर्षी मिळाली. मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं तिच्यात येतात. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जो ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यातून संदर्भपत्र मिळतं. जिल्ह्याच्या डीईआयसीत चौकशी करा.

ऑपरेशन करून परत आल्यावरचं थोडं सांगतो, कारण तिथे आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरांचं काम सुरू होतं. औषधाच्या पुड्या बाळाच्या वजनावर ठरलेल्या असतात. वजन वाढलं की डोस बदलतो, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून तीच औषधं महिनोन्महिने मेडिकलमधून आणू नका. बाळानं बाळसं धरलं म्हणून औषध आपल्या मनानं बंदही करू नका. गाल भरले म्हणजे हृदय भरलं असं नाही. लघवी वाढवणारं औषध चालू असताना जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरला विचारा. सहा आठवडे बाळाला काखेत धरून उचलू नका, मानेखाली आणि ढुंगणाखाली हात घालून उचला. मालिशवाल्या बाईंना छातीला हात लावू देऊ नका, त्या कितीही जुन्या असोत. लसी चालू ठेवा. फक्त रक्त दिलेलं असेल तर गोवर-रुबेलाची लस कधी द्यायची ते विचारून घ्या. आणि हो, ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे झालेलं नाही. आईला कोणी तसं बोलत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तपासणी मात्र आयुष्यभर, वर्ष-दोन वर्षांनी का होईना. जोडलेली जागा अरुंद होऊ शकते, स्नायूत छोटा व्रण राहिलेला असू शकतो. मोठेपणी स्पर्धेत धावायचं असेल तर आधी ट्रेडमिल टेस्ट.

तुम्ही म्हणाल, तीन लाखांत एखाद्या बाळाला होणारा आजार, त्यावर एवढं कशाला? अमरावती आणि अकोला मिळून कित्येक वर्षांत एखादं बाळ निघेल. खरं आहे. पण त्या बाळाला जी लक्षणं असतात, तीच मोठ्या छिद्रानं, अरुंद महाधमनीनं किंवा झडपेच्या दोषानं हृदय थकलेल्या बाळालाही असतात, आणि अशी बाळं कितीतरी जास्त आहेत. एकच प्रश्न त्या सगळ्यांना पकडतो, आणि तो विचारायची आपल्याकडची वेळ हुकते.

ती कशी हुकते बघा. जन्मानंतर आशाताई घरी येतात त्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. त्यानंतरची त्यांची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. बाल स्वास्थ्याचं पथक अंगणवाडीत येतं ते वर्षातून दोनदा. आणि अल्कापाचं बाळ थकायला लागतं ते दोन-तीन महिन्यांच्या सुमारास, नेमकं या मधल्या फटीत. मेळघाटात तर कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं होळीलाच परततात. तोवर धारणी-चिखलदऱ्याच्या आशाताईंच्या वहीत ते बाळ नसतंच.

पण एक गाठ अशी आहे जी बहुतेक बाळं चुकवत नाहीत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस. तीन वेळा बाळ नर्सताईंच्या समोर असतं. नवीन यंत्र नको, नवीन कर्मचारी नको. लस देण्याआधी वजन करायचं आणि एक विचारायचं, “दूध पेताना लेकरू थांबून थांबून पेते का? कपाळाला घाम येते का?” अकोल्याच्या मे महिन्यात घाम कोणाला येत नाही, असं म्हणाल. म्हणून प्रश्न नीट विचारायला हवा. कूलरपुढे, पंख्याखाली, दूध पितानाच घाम येतो का? पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे महिन्याला सहाशे ते नऊशे. झोपेत शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, आणि दोन महिन्यांनंतर पन्नास किंवा जास्त श्वास म्हणजे जोरात. सर्दी-ताप नसताना असं होत असेल, तर ते पोटाचं दुखणं समजू नका.

हे आरोग्य खात्यानं लसीकरणाच्या कार्डावर छापावं, असं माझं मत आहे. छापेपर्यंत तुम्ही स्वतः सांगा. पुढच्या लसीला जाल तेव्हा नर्सताईंनी विचारायची वाट न बघता “हा दूध पिताना थकतो” हे वाक्य आधी बोला, आणि कार्डावरची वजनाची रेघ आडवी चालली असेल तर तिथूनच बालरोगतज्ज्ञाकडे जा, त्याच दिवशी.